बेडकाची नाडी

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, राज्यं होती, आणि म्हाताऱ्या माणसाला उलटा प्रश्न विचारायचा नाही असा नियम होता. नियम अर्थात म्हाताऱ्यांनीच केलेला.

त्या काळी एका नदीच्या काठी एक थोर वैद्य राहत होते. तीन बोटं मनगटावर ठेवली की काल काय जेवलात तेही ते सांगत. वाताची नाडी सापासारखी सरपटते, पित्ताची बेडकासारखी उड्या मारते, कफाची हंसासारखी डुलत जाते. हे तिन्ही प्राणी वैद्यांनी जणू आपल्या बोटांखाली पाळलेले होते.

नवा शिष्य आला की पहिला धडा ठरलेला असे. "बोटं हलकी ठेव. जोरात दाबलीस तर रोग्याची नाडी बुजेल आणि तुझ्याच बोटातली तुला लागेल. मग स्वतःचं औषध दुसऱ्याला पाजत बसशील." यावर शिष्य हसत. वैद्यही हसत.

एक शिष्य मात्र हसण्यावर थांबला नाही. तीन वर्षं शिकून झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, पोथीत आठ परीक्षा सांगितल्यात. नाडी आहे, तशी जीभ आहे, डोळे आहेत, आवाज आहे, कातडी आहे, मळ-मूत्र आहे, माणसाची सगळी ठेवण आहे. आपण एकच करतो."

"बाकीच्या सात, ज्याला नाडी कळत नाही त्याच्यासाठी."

"मग पोथी लिहिणाऱ्याला नाडी कळत नव्हती का?"

त्याच दुपारी त्याचं अंथरूण अंगणात येऊन पडलं. बाकीचे शिष्य खाली मान घालून पाठांतर करत राहिले. पुढं तेच मोठे झाले, हे वेगळं सांगायला नको.

घालवून दिलेला शिष्य गावोगाव हिंडला. रेशमाच्या तांड्याबरोबर आलेला, बर्फाच्या डोंगरापलीकडचा एक वैद्य त्याला वाटेत भेटला. तो परदेशी म्हणे, आधी बघायचा, मग ऐकायचा, हुंगायचा, मग विचारायचा, आणि मनगटाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. शिष्याला वाटलं, ही तर आपलीच पोथी, फक्त दुसऱ्या बोलीत.

काही वर्षांनी तो परत आला आणि नदीच्या पलीकडच्या काठावर एका करंजाखाली बसू लागला. रोगी आला की हा त्याच्या घरी जाई. चूल बघे, माठातलं पाणी पिऊन बघे, अंथरूण कुठं घालता ते विचारी. लोक आधी म्हणाले, "हा वैद्य आहे की सोयरीक जमवायला आलाय?" मग लोक बरे होऊ लागले आणि थट्टा बंद झाली.

थोर वैद्यांच्या ओट्याखाली रोज सकाळी चाळीस-चाळीस वहाणा असायच्या. त्या तीस झाल्या, मग वीस झाल्या. वैद्य नाडी बघायला बसत तेव्हा मनगट या काठावर असे आणि नजर त्या काठावर. तो लाल फेटा कुणाचा? तेल्याचा? त्याच्या बापाला मी वाचवला होता. आणि ती नावेत बसलेली? तिची तीन बाळंतपणं माझ्या काढ्यावर झाली. वैद्यांच्या स्वतःच्याच घशाशी आंबट येई. झोप कधीच उडाली होती. छातीत चुलीतल्या निखाऱ्यावर कुणी फुंकत बसल्यासारखं होई. आणि त्या काठावर आणखी एक फेटा उतरला की इकडं वैद्यांची बोटं, खाली ज्याचं असेल त्याच्या मनगटात, रुतत जात.

त्या मार्गशीर्षात त्यांना ज्याच्या त्याच्या हाताला बेडूकच लागू लागला. पैलवान आला, पित्त. बाळंतीण आली, पित्त. थंडीनं कुडकुडणारा गुराखी आला, त्यालाही पित्त. "यंदा पित्ताची साथ आहे," वैद्यांनी जाहीर केलं, आणि कडाक्याच्या थंडीत गावाला चंदनाचं पाणी पाजायला सुरुवात केली.

कुंभार म्हणाला, "वैद्यबुवा, जरा माझ्या गाढवाचाही पाय धरून बघा. बिचारं तेवढंच राहिलंय."

ओट्यावरची उरलीसुरली माणसं खो खो हसली. दुसऱ्या दिवशी ओट्याखाली सात वहाणा होत्या.

आता वैद्यांच्या बायकोबद्दल. घरातली वरची माळ्यावरची खोली उबदार आणि कोरडी होती. तिथं औषधं होती, कारण मुळ्यांना आणि सालींना ओल चालत नाही. बायकोचं अंथरूण खाली, नदीकडच्या भिंतीला. वीस वर्षं ते तिथंच होतं. त्या खालच्या खोलीत वैद्य कधी गेले नव्हते. त्यांना काही लागलं तर ते हाक मारत आणि ती बाहेर येई.

तिला खोकला लागला. ओला, खोल, घागर बुडवल्यासारखा. पाय सुजले. वैद्यांनी ओट्यावर बसल्या बसल्या तिचा डावा हात धरला, नदीकडं बघितलं आणि म्हणाले, "पित्त."

"अहो, मला हुडहुडी भरते. छातीत पाणी भरल्यासारखं वाटतं."

"तुला काय कळतं? नाडी सांगतेय."

"नाडीला विचारलंत, आता मलाही विचारा. चाळीस वर्षं हात धरताय, एकदा तोंडाकडं बघा."

वैद्यांनी वाळ्याच्या थंड पाण्याचा पेला पुढं केला. तिनं तो घेतला. ती आठ दिवस घेत राहिली आणि आठ दिवसांत खोकला आणखी खाली उतरला.

नवव्या दिवशी ती म्हणाली, "मला पलीकडं न्या. त्या पोराला दाखवते. आपल्याच घरात जेवलेला आहे तो."

"माझी बायको त्याच्या झाडाखाली बसली तर मी गावाला काय तोंड दाखवू?"

"गावाचं राहू द्या," ती म्हणाली. पुढं बोलायला तिला दम पुरला नाही.

शेजारची नावाडीण हे भिंतीआडून ऐकत होती. तिनं कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाव घातली आणि त्या तरुण वैद्याला घेऊन आली.

वैद्य दारात आडवे उभे राहिले. "कुणी बोलावलं तुला?"

"मी," नावाडीण म्हणाली. "आणि वैद्यबुवा, बाजूला व्हा. रुसायला पुढं भरपूर दिवस आहेत."

"थांब उंबऱ्यात," वैद्य शिष्याला म्हणाले. "आधी मी बघतो. तुझ्या डोळ्यांदेखत बघतो. माझ्या औषधानं उतार पडलाय. पहाटेपासून खोकला बंद आहे."

शिष्य उंबऱ्यात थांबला. त्यानं आत बघितलं, कान दिला, आणि त्याचा चेहरा उतरला. "गुरुजी," तो म्हणाला, "पहाटेपासून दुसरा काही आवाज आलाय का?"

वैद्य त्या खोलीत पहिल्यांदाच गेले. बायकोचं तोंड भिंतीकडं होतं. ते बसले, पांघरुणातून डावा हात ओढला आणि तीन बोटं दाबली. घट्ट दाबली. आणि नजर मागं वळवून उंबऱ्यातल्या पोराकडं लावली.

"ऐक," ते म्हणाले. "जोरात आहे. टणाटण उड्या मारतेय. बेडूक. पित्तच होतं. मी सांगत होतो, पित्तच आहे."

शिष्य हळूच आत आला. त्यानं भिंतीवर तळवा ठेवला. तळवा ओला झाला. त्यानं वर माळ्याकडं बघितलं, तिथून सुक्या सुंठीचा वास येत होता. औषधं कोरड्यात आणि बाई ओलीत. पण ते तो बोलला नाही. तो एवढंच बोलला, जे त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"गुरुजी, बोटं हलकी करा."

वैद्यांनी त्याच्याकडं रागानं बघितलं. पण बोटं जुनी होती, धडा त्याहून जुना होता. ती आपोआप हलकी झाली.

खाली काही नव्हतं. साप नव्हता, बेडूक नव्हता, हंस नव्हता. एक गार मनगट होतं, आणि त्यावर वैद्यांच्याच बोटांचे तीन खड्डे होते, जे परत भरून येत नव्हते.

मग त्यांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं बघितलं.

गावातली वडीलधारी मंडळी जमली. "तिचं आयुष्यच तेवढं होतं," असं त्यांनी ठरवलं. एकमेकांच्या चुका झाकायला ही मंडळी नेहमीच वेळेवर हजर असते. नावाडीण तेवढी म्हणाली, "आयुष्य बरंच होतं. जागा नव्हती." तिला गप्प बसवण्यात आलं.

वैद्यांनी पुन्हा कुणाचा हात धरला नाही. ते ओट्यावर बसून राहत आणि तीन बोटं खांबावर दाबत. खांबाला नाडी लागे. पाटाला लागे, उंबऱ्याच्या दगडालाही लागे, आणि सगळीकडं तोच बेडूक उड्या मारत असे.

लहान असा की मोठे, विशेषतः मोठे असाल तर, एवढं गाठीला बांधा: मत्सरानं दाबलेल्या बोटांना दुसऱ्याचं दुखणं कधी लागत नाही, लागतं ते फक्त स्वतःचं.