एक हत्ती, तीन सुपाऱ्या

फार पूर्वी, राजांकडे हत्ती असायचे आणि हत्तींकडे माणसं नोकरीला असायची, त्या काळातली ही गोष्ट. एका छोट्या राज्यात एकच हत्ती होता. दुसरा परवडत नव्हता. त्याचं नाव भाऊसाहेब. चाल संथ, स्वभाव गरीब. फक्त नगारा वाजला की समोरचा दरवाजा फोडायचा, एवढी एक लढाईतली सवय त्याच्या अंगात मुरलेली होती.

या भाऊसाहेबांच्या हत्तीखान्यात श्रीरंग नावाचा तरुण नव्यानं नोकरीला लागला. गुरुकुलात गजशास्त्रात पहिला आलेला. हत्तीचे खायचे दात किती, दाखवायचे किती, सगळं तोंडपाठ. निघताना आई म्हणाली होती, "पहिलीच नोकरी आहे बाळा, कुणाला नाही म्हणू नकोस." काका म्हणाले होते, "वरच्यांपुढे नुसती मान डोलवायची. पगार आपोआप वाढतो." काकांचा स्वतःचा पगार कधी वाढला नव्हता, पण ते विचारायचं श्रीरंगाला सुचलं नाही.

हत्तीखान्याची एक रीत होती. ज्याला हत्ती हवा, त्यानं सुपारी आणून द्यायची. सुपारी घेतली की शब्द दिला. ती दारातल्या कोनाड्यात ठेवायची, म्हणजे त्या दिवशी हत्ती गुंतला आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. हत्तीखान्याचे प्रमुख होते वयोवृद्ध गजाध्यक्ष. त्यांनी ही रीत समजावली आणि वर म्हणाले, "अडलं तर मला विचार. मी चिडतो, पण सांगतो."

श्रीरंगानं त्यातलं 'चिडतो' तेवढं लक्षात ठेवलं.

आधी नगरशेठ आले. "पंचमीला आमच्या चिरंजीवांचं लग्न. मांडवापर्यंत मिरवणूक भाऊसाहेबांवरून काढायची आहे." श्रीरंगानं सुपारी घेतली आणि कोनाड्यात ठेवली.

मग सेनापती आले. "पंचमीला भर दुपारी महाराजांसमोर वेशीच्या नव्या दरवाजाची परीक्षा आहे. धडक द्यायला हत्ती लागेल."

श्रीरंगानं कोनाड्याकडे पाहिलं. मग सेनापतींच्या मिशांकडे पाहिलं. घशापर्यंत आलेलं 'नाही' मिशा बघून माघारी गेलं. "होऊन जाईल, सेनापती!" म्हणत त्यानं सुपारी घेतली आणि हळूच कनवटीला लावली.

शेवटी राणीसाहेब आल्या. पंचमीच्या संध्याकाळी देवीच्या पालखीपुढे त्यांना हत्ती हवा होता. आता राणीसाहेबांना नाही कोण म्हणणार? दुसरी सुपारीही कनवटीला गेली.

"काय रे, काही अडचण?" गजाध्यक्षांनी विचारलं.

"छे! सगळं अगदी व्यवस्थित."

सकाळी नवरदेव, दुपारी दरवाजा, संध्याकाळी देवी. श्रीरंगानं मनात सगळं चोख बसवलं होतं. फक्त मिरवणुकीत नाचणारे मामा त्यानं धरले नव्हते.

पंचमी उजाडली. अंबारीत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, खाली साखळी धरून श्रीरंग आणि पुढे मामा. मामा दोन पावलं पुढे नाचायचे आणि तीन मागे. ऊन डोक्यावर आलं.

"मामा, आटपा ना!"

"अरे, भाच्याच्या लग्नात नाही नाचायचं तर कुठे?"

असं करत मिरवणूक वेशीच्या चौकात आली. तिथे महाराज बसले होते आणि सेनापती ताटकळत उभे होते. झूल घातलेला हत्ती दिसताच सेनापती खूश झाले. "वा! सजवून आणलाय की!" त्यांनी नगारेवाल्याला खूण केली.

नगारा वाजला. भाऊसाहेबांचे कान ताठ झाले.

"थांबा! वर नवरदेव आहे!" श्रीरंग जिवाच्या आकांतानं ओरडला. नगाऱ्यापुढे टिमकी कोण ऐकतो? भाऊसाहेब सुटले. दरवाजा कडाकडा मोडला आणि पलीकडून नुसतं "बाबाऽऽ" ऐकू आलं. काम फत्ते झाल्यावर भाऊसाहेब लढाईनंतरच्या शिरस्त्याप्रमाणे थेट नदीत जाऊन बसले.

नवरदेवाला बाहेर काढेपर्यंत मुहूर्त टळला. बिचारी नवरी हार धरून अवघडली. शेवटी गोरज मुहूर्तावर, दर मंगलाष्टकाला शिंकत, लग्न लागलं. भाऊसाहेब काही पाण्यातून उठले नाहीत. देवीची पालखी हत्तीवाचून निघाली.

दुसऱ्या दिवशी श्रीरंग दरबारात उभा राहिला. आता नोकरी जाणार, हे त्याला पुरतं कळलं होतं. महाराजांना मुजरा करायला वाकला, तर कनवटीच्या दोन्ही सुपाऱ्या टणटणत खाली पडल्या. गजाध्यक्षांनी त्या उचलल्या.

"सेनापती, परीक्षा षष्ठीला चालली असती?"

"न चालायला काय झालं? दरवाजा काय पळून जाणार होता?"

"आणि राणीसाहेब, आपल्याला?"

"वेळेवर कळलं असतं, तर रथ काढला असता."

श्रीरंगाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या 'नाही'ला तो एवढा भ्याला, ते कुणालाच जड जाणार नव्हतं!

महाराजांनी हसू दाबत निकाल दिला. "याची नोकरी राहील. पण नवा दरवाजा होईपर्यंत दरवाजाच्या जागी हा उभा राहील. दिवेलागणीनंतर जो येईल, त्याला 'नाही' म्हणेल."

पहिल्या संध्याकाळी श्रीरंगाच्या तोंडून नुसतं "न... न..." निघालं आणि एक तेली बैलगाडीसकट आत गेला. हळूहळू मात्र जीभ वळली. सुतारांनी नवा दरवाजा बसवला तोवर श्रीरंग न अडखळता म्हणू लागला होता, "आता नाही, पाहुणे. सकाळी या. तोवर समोर धर्मशाळा आहे, गरम पिठलं मिळेल." लोक रागावत नव्हते. पिठलं खाऊन झोपत होते.

तो हत्तीखान्यात परतला आणि मागोमाग सेनापती आले. मिशा तशाच. "अष्टमीला दरवाजाची परीक्षा. हत्ती पाहिजे."

श्रीरंगानं कोनाडा पाहिला. तिथे अष्टमीची सुपारी होती. मग त्यानं मिशांकडे पाहिलं, पण या वेळी 'नाही' माघारी गेलं नाही. "अष्टमीला नाही, सेनापती. नवमीला नक्की."

मिशा थरथरल्या. मग सेनापतींनी सुपारी पुढे केली. "नवमीला. पण वर कुणी बसलेलं नसेल ना?"

"नाही!" श्रीरंग म्हणाला, आणि सुपारी सगळ्यांना दिसेल अशी कोनाड्यात ठेवली.

तात्पर्य: वेळेवर सांगितलेलं 'नाही' ऐकणाऱ्याला घटकाभर टोचतं, लपवून ठेवलेलं 'नाही' दरवाजा फोडून बाहेर येतं.