तरवडाच्या बुडातलं गवत

एका मुरमाड माळावर एक गाव होतं. गावाला नदी नव्हती, विहिरींना पाणी बेताचंच, पण गुरं मात्र घरोघरी. गावाचं पोट दूधतुपावर चालायचं आणि गुरांचं माळावर.

माळावर गवत उगवायचं आणि त्या गवतात जागोजागी तरवडाची झुडपं. कमरेएवढी उंची, चिंचेसारखी पानं आणि पावसाळा सरत आला की पिवळ्याधमक फुलांचे घोस. तरवडाला कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. शेळीसुद्धा नाही. शेळी ज्याला नको म्हणते ते झाड कसलं असेल, तुम्हीच ओळखा.

गावचा पाटील फार हुशार. निदान त्याला तसं वाटायचं आणि गावानं ते मान्य केलं होतं. एका उन्हाळ्यात त्याच्या मनात आलं, की हे झाड खायच्या कामाचं नाही, जागा मात्र अडवतं. ते काढलं तर तिथंही गवत येईल. त्यानं घरागणिक माळाचा एकेक पट्टा वाटून दिला आणि तरवड मुळासकट उपटायला सांगितलं.

गावात धुरपा नावाची बाई एकटी राहायची. एक गाय आणि एक कालवड एवढाच तिचा संसार. रोज विळ्यानं गवत कापून तिची गवताशी चांगली ओळख झाली होती. ती चावडीवर जाऊन म्हणाली, "पाटील, तरवडाच्या बुडात गुराचं त्वांड जात न्हाई. तिथंच गवत पिकतं आन् तिथलंच बी समद्या माळावर पडतं. झुडूप काढल्यावर बी कुठनं येनार?"

चावडी हसली. पाटलानं बजावलं, की जी आपला पट्टा साफ करणार नाही, तिची गुरं गावाच्या माळावर चरणार नाहीत.

धुरपा घाबरली. गाय गेली तर ती खाणार काय? रात्रभर तिला झोप आली नाही. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते खोटं कसं म्हणायचं? तिनं कुदळ उचलली नाही.

बाकी गावानं कुदळींचे दांडे मोडेपर्यंत माळ खणला. त्या पावसाळ्यात गवत असं माजलं, की लोक धुरपाला वाटेत अडवून चिडवू लागले. ती खाली मान घालून आपल्या पट्ट्यातलं गवत कापायची आणि गायीला घरी आणून घालायची.

पण उघड्यावरचं गवत गुरांनी बी धरायच्या आत फस्त केलं. दुसऱ्या वर्षी ते विरळ उगवलं. धरून ठेवायला मुळं नव्हती, म्हणून पावसानं माती वाहून नेली. तिसऱ्या वर्षी माळावर नुसता मुरूम उरला. हिरवा राहिला तो एकच पट्टा, पिवळ्या फुलांचा.

पाटील धुरपाच्या दारात आला. गावाची गुरं तिच्या पट्ट्यात सोडायची परवानगी त्यानं मागितली.

धुरपा म्हणाली, "सोडा की. चार दिसांत संपंल. मग पाचव्या दिशी कुनाच्या दारात जाल?"

धुरपानं त्याच्यापुढं तरवडाच्या वाळल्या शेंगांची पाटी ठेवली आणि वर गवताच्या बियांचं गाठोडं. आधी शेंगा, मग गवत, असं तिनं बजावलं. गावानं गुरं पाहुण्यांच्या गावी धाडली आणि माळ पेरला. पहिली शेंग पाटलानंच स्वतःच्या पट्ट्यात फोडली.

दोन वर्षांनी गुरं परत आली. पाटलाचा बैल तरवडाच्या कोवळ्या रोपापाशी थांबला, त्यानं ते हुंगलं आणि तोंड फिरवून पुढं गेला. पाटलाचा जीव भांड्यात पडला.

"धुरपे, न्हाई खाल्लं बघ त्यानं," तो म्हणाला.

तात्पर्य: जे खाता येत नाही ते कुचकामी समजू नये, आपल्या घासाची राखण कदाचित तेच करत असतं.