सायीचं दार

फार पूर्वी माणसं गप्प बसायची आणि भांडी बोलायची, तेव्हाची गोष्ट. यमुनाबाईने कोमट दुधाला चमचाभर जुन्या दह्याचं विरजण लावलं. दुधाने नाक मुरडलं आणि सायीचं दार ओढून घेतलं.

"आजीबाई, आत येऊ नका. तुमचा आंबट वास लागेल मला."

"बरं बाळा, बसते इथेच सायीवर," विरजणआजी म्हणाली.

दुपार तापली. कालचं दूध नासून उकिरड्यावर गेलं होतं, हे या शहाण्याला ठाऊक होतं. आता त्याच्याही तळाशी कडवट व्हायला लागलं. तेवढ्यात यमुनाबाईची पावलं वाजली.

"आजी, अहो आजी, आहात का?" दुधाने घाईघाईने हाक मारली.

"जाते कुठे? साय जरा बाजूला कर."

आजी आत उतरली आणि थेंबाथेंबात वाटली गेली. यमुनाबाईने झाकण काढून वास घेतला, जरा घुटमळली आणि झाकण परत ठेवलं.

सकाळी चमचा उभा राहील असं घट्ट दही लागलं. दह्याने आजीला पुष्कळ शोधलं, पण ती वेगळी सापडेचना. इतक्यात यमुनाबाईने त्यातलंच चमचाभर काढून ताज्या दुधात सोडलं.

"शी, कोण ही आंबट बाई?" नवं दूध म्हणालं.

"तुझी आई," दही सायीवर ऐसपैस बसत म्हणालं. "घाई नाही. दुपारी हाक मार."