हुप्प्याने सांगितलेलं वादळ

चूक म्हाताऱ्या हुप्प्याची होती. वाऱ्याला नावं ठेवू नका, गारांना ठेवू नका. गोष्टीतलं म्हातारं माणूस किंवा जनावर शहाणंच असतं, असं तुम्हाला आजवर सांगत आले असतील. मुलांनो, या गोष्टीत तसं नाही.

ओढ्याकाठच्या एका रानात वानरांचा कळप राहत असे. कळपाचा म्होरक्या असतो त्याला हुप्प्या म्हणतात. हा हुप्प्या म्हातारा झाला होता, दात पडले होते, पण जीभ शाबूत होती. चैत्र लागला की दुपारी सगळे जांभळीच्या सावलीत बसत आणि हवापाण्याच्या गप्पा चालत. कोणी म्हणालं, "आज फार उकडतंय," की हुप्प्या लगेच म्हणायचा, "याला उकडणं म्हणतात होय? ज्या साली ओढा आटला, त्या साली दगडावर बूड टेकवत नव्हतं." कोणी म्हणालं, "पहाटे वारा गार होता," की तो म्हणायचा, "गार? तुमची कातडीच मऊ झालीय." जणू त्याच्याशिवाय कोणाला कधी ऊन लागलेलं नव्हतं आणि कोणी भिजलेलंही नव्हतं.

मग गाडी त्या मोठ्या वादळावर यायची. हुप्प्या तरुण असताना एका वैशाखात ते झालं होतं. त्यातून वाचलेला आता तो एकटाच उरला होता, म्हणजे खोटं म्हणायला कोणी नव्हतं.

"सगळं रान आडवं झालं," तो सांगायचा. "मी मात्र सावरीच्या शेंड्यावर. दोन्ही हातांनी शेंडा धरला आणि वाऱ्याला म्हटलं, ये, बघतो तुला."

सावर हे त्या रानातलं सगळ्यात उंच झाड. गोष्टीतल्या गारा आधी आवळ्याएवढ्या होत्या, पुढच्या वर्षी लिंबाएवढ्या झाल्या आणि यंदा कवठाएवढ्या.

हुप्प्याला एक तरणाबांड मुलगा होता. त्याला बापाचा एवढा अभिमान, की ओढ्यापलीकडच्या वानरांनी दात विचकले तरी तो म्हणायचा, "तुमच्यातल्या कोणाच्या बापाने वादळात सावर धरली होती का?" मग हा छाती काढून परत यायचा.

हुप्प्याची सून मात्र त्यातली नव्हती. तिच्या छातीला पंधरा दिवसांचं पिल्लू होतं आणि तिला फुशारकी नको होती, उपयोगाचं काही हवं होतं.

"मामंजी," तिने एकदा विचारलं, "तसं वादळ परत आलं तर पिल्लू घेऊन काय करायचं?"

"वर चढायचं. भित्रे खाली पळतात."

"एक हात पिल्लाला लागणार. मग शेंडा एका हाताने धरायचा?"

"आमच्या आया काय करत होत्या? धरतच होत्या ना?"

"मग त्यांच्यातली एकही कशी राहिली नाही?"

"सूनबाई, तू फार बोलतेस," हुप्प्या म्हणाला. सगळे हसले. तिचा नवराही हसला. मुलांनो, फार बोलतेस हे उत्तर नव्हे. उत्तर नसलं की मोठी माणसं हे देतात.

वैशाखात एका दुपारी आभाळ हळदीसारखं पिवळं झालं. पान हलेना. पाखरं गप्प झाली. मग पश्चिमेकडून धुळीची भिंतच्या भिंत येताना दिसली आणि तिच्या पोटात गडगडायला लागलं.

"सावरीवर," मुलगा ओरडला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, उलट एवढे दिवस वाट पाहिलेलं काहीतरी आल्यासारखा तो खूश होता. सगळा कळप झाडाकडे धावला. मुलगा थेट शेंड्यावर गेला, बाकीचे त्याच्या खालच्या फांद्यांवर.

"चढा, चढा," हुप्प्या खालून म्हणाला. "सगळे चढले का बघतो आणि मागून येतोच."

सून अर्ध्या खोडावर पोचली होती. पिल्लू घट्ट बिलगलं होतं, म्हणून ती जपून चढत होती आणि चढताना खाली बघत होती. तिला दिसलं की सासरा कोणाला मोजत नाहीये. तो कातळाकडे निघालाय. हाकेच्या अंतरावर तो कातळ होता. हुप्प्याने एकदाही मान वळवली नाही, कुठे अडखळला नाही, रोजच्या पायवाटेने जावं तसा तो चालला होता.

"अहो," तिने वर हाक मारली, "मामंजी कातळाकडे चाललेत."

"कोणाला तरी आणायला गेले असतील. तू वर ये."

"कोणाला आणायला? सगळे इथेच आहेत."

"तुला बाबांवर विश्वास नाही?"

"त्यांच्या पायांवर आहे," ती म्हणाली आणि खाली उतरली. पिल्लंवाल्या आणखी दोघी तिच्यामागे उतरल्या. बाकीच्यांनी वरून दात विचकले. "पळाल्या," कोणीतरी म्हणालं.

कातळात एक कपार होती. बाहेरून तळहाताएवढी दिसे, आत मात्र चांगली ऐसपैस होती. तिच्यात एक म्हातारी घोरपड राहायची. सून आत शिरली तेव्हा घोरपड हुप्प्याला सांगत होती, "आलास? मागच्या वादळात मागच्या कोपऱ्यात बसला होतास ना, तिथेच बस. माझ्या शेपटीवर नको."

सुनेने ऐकलं. पाठोपाठ आलेल्या दोघींनीही ऐकलं.

"मामंजी, त्या दिवशी तुम्ही इथे होतात?"

हुप्प्या मागच्या कोपऱ्यात सरकून बसला.

"असू दे," सून म्हणाली. "इथे होतात म्हणून वाचलात, त्यात काही वाईट नाही. आता एवढंच बाहेर तोंड काढून ओरडून सांगा. माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

वाऱ्याला अजून थोडा वेळ होता. पोरगा दोन उड्यांत खाली आला असता. हुप्प्या उठला, कपारीच्या तोंडाशी गेला. सावरीच्या शेंड्यावरून मुलगा इकडेच बघत होता. त्याच्या खालच्या फांद्यांवरून सगळा कळप बघत होता. 'मी इथे लपलो होतो,' एवढे चार शब्द बोलायचे होते.

हुप्प्याने तोंड उघडलं.

"घट्ट धर, लेका," तो ओरडला.

मुलाने ऐकलं. त्याने मान ताठ केली, सगळ्या रानाला ऐकू जाईल असा हुप् केला आणि शेंडा दोन्ही हातांनी धरला. मग वारा आला.

सावर उंच असते, पण तिचं लाकूड ठिसूळ. वरचा तिसरा हिस्सा एका झटक्यात मोडला. खालच्या फांद्यांवरच्यांपैकी कोणाचा हात मोडला, कोणाची पाठ गारांनी सुजली, पण ते वाचले. शेंड्यावर एकच जण होता. तो सापडला तेव्हा शेंडा त्याच्या हातातच होता. बापाने सांगितलं तसं त्याने घट्ट धरलं होतं.

हुप्प्या म्हणाला, "मी जागा सुरक्षित आहे का ते बघायला गेलो होतो." घोरपड उन्हात अंग शेकत पडली होती, तिने त्याच्याकडे पाठ केली.

पुढच्या चैत्रात पुन्हा जांभळीखाली गप्पा सुरू झाल्या. पिल्लं आता उड्या मारण्याएवढी झाली होती. त्यांनी हुप्प्याच्या सुनेला विचारलं, "मोठं वादळ आलं तेव्हा तू काय केलंस?"

"पळाले," ती म्हणाली. तिची मान खाली गेली नाही, आवाज बारीक झाला नाही. "सगळ्यांच्या आधी पळाले. कातळात कपार आहे, आत वीस जण मावतात. चला, आत्ताच दाखवते."

पिल्लं तिच्यामागे गेली. ती पुढे चालत होती, शेपूट कमानीसारखं वर धरून. ओढ्यापलीकडचे वानर बघत होते, तर तिने त्यांनाही हाक मारली, "तुम्हीही या. जागा आहे." जांभळीखाली हुप्प्या राहिला. "आज फार उकडतंय," तो म्हणाला, पण ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

तात्पर्य : वादळातून आपण कसे वाचलो हे पोरांना सांगायचं असेल, तर कुठे लपलो होतो तेही सांगावं. हुप्प्याने ते सांगितलं नाही, आणि त्याचा मुलगा गेला.