बोरदऱ्याच्या देवळाला छप्पर का नाही

बोरदऱ्याच्या टेकडीवर एक ख्रिस्ती देऊळ आहे. चार दगडी भिंती आणि वर नुसतं आभाळ. आत मधोमध दगडांची एक ओळ जमिनीतून बोटभर वर आलेली आहे, आणि नवखा माणूस तिला हमखास ठेचकाळतो. मग गावचे शांतवनबाबा त्याला हाताला धरून बसवतात. लागलं ते बरं झालं, म्हणतात, ती ओळ त्यासाठीच ठेवली आहे.

असे सांगतात, की फार पूर्वी बोरदऱ्याच्या वरच्या आणि खालच्या वस्तीने एकाच वर्षी बाप्तिस्मा घेतला. नावं बदलली, गळ्यातले ताईत गेले, पण पाणवठे दोन होते ते दोनच राहिले. देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा वरच्या वस्तीचे दानीतात्या पुढे झाले. तात्या मंडळीचे पंच. प्रार्थना अशी करायचे की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. आणि याच तात्यांनी देवळाच्या मध्यातून छातीएवढी भिंत घातली. अलीकडे आपण, पलीकडे ते! महिन्यातून एकदा उपासना चालवायला येणाऱ्या पाळकांना त्यांनी बेधडक सांगून टाकलं, की ही भिंत छपराच्या आधारासाठी आहे.

त्याच सुमारास खालच्या वस्तीतल्या नामीला मुलगी झाली. आधीची दोन लेकरं तिने बाप्तिस्म्यावाचूनच पुरली होती. हीसुद्धा अंगाने किरकोळ, म्हणून येत्या रविवारी पाळक येतील तेव्हा हिचा बाप्तिस्मा व्हावा, एवढंच तिचं मागणं होतं. तात्यांनी निरोप धाडला, की पाण्याचं भांडं वरच्या वस्तीचं आहे. तुमचं वेगळं भांडं होईल तेव्हा बघू.

छप्पर अजून चढलं नव्हतं. शनिवारी दिवेलागणीनंतर तात्या भिंतीवर दिवा ठेवून सुताच्या दोरीने दोन्ही बाजू मोजत होते. अवस होती. खालच्या वस्तीकडे वीतभर जागा जास्त जाते की काय, या काळजीने त्यांना जेवण गोड लागत नव्हतं म्हणे. लेकराला घेऊन नामी भिंतीपलीकडे येऊन उभी राहिली. तात्यांनी मान वर केली नाही. तेव्हा तिने वाकून दिवाच फुंकून टाकला.

"आता वरचं मोजा तात्या," ती म्हणाली. "कुठवर तुमचं न् कुठनं आमचं, येकदा दावून द्या. म्या तेवढ्याखालीच लेकरू धरते."

तात्यांनी रागाने वर पाहिलं, आणि ते पाहतच राहिले. उभ्या जन्मात त्यांनी आभाळाकडे पाहिलं होतं ते पावसासाठी. आज ते चांदण्यांनी खच्चून भरलं होतं, आणि त्याला काठच सापडेना. एवढ्या पसाऱ्यात बोरदरा तो केवढा, आणि त्यात दानी तो केवढा! तरी हे सगळं करणाऱ्याला माझं नाव ठाऊक आहे, असं ते दर रविवारी छातीठोकपणे सांगत आले होते. मग या पोरीचं त्याला ठाऊक नसेल? तात्यांचे कान तापले. पलीकडे नामी लेकरू आभाळाखाली धरून उभी होती. त्यांनी प्रार्थना करून पाहिली आणि तोंडपाठ शब्दांतला एकही आठवेना. तोवरचा त्यांचा विश्वास पाठांतराचा होता. त्या संध्याकाळी तो खरा झाला, आणि त्या क्षणी त्यांना फक्त लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पाळकांपुढे, साऱ्या मंडळीदेखत, त्यांनी आपलं खोटं कबूल केलं आणि स्वतःच्या हातांनी भिंत उतरवली. नामीच्या लेकीला कडेवर घेऊन ते अलीकडे आले आणि त्याच भांड्यातल्या पाण्याने तिचा बाप्तिस्मा झाला. ती पोर पुढे नातवंडं खेळवून गेली म्हणे. भिंतीचा शेवटचा थर उरला तेव्हा लोक म्हणाले, पायाही उपटू.

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "माझी लाज हाय ती. पायाला लागत ऱ्हायली पायजे." छपराचा विषय मग कुणीच काढला नाही.

आजही बोरदऱ्यात बाप्तिस्मा तिन्हीसांजेनंतर होतो. पाण्याचं भांडं त्या ओळीवर ठेवतात आणि लेकराची आई दिवा फुंकते. सगळी मंडळी न बोलता वर पाहते. फक्त तात्यांच्या घराण्यातली माणसं तेव्हा मान खाली घालून उभी असतात.

शांतवनबाबाही वर पाहत नाहीत.