रडणारी तलवार

“रडते म्हणजे नियमाने नक्की काय होतं, तेवढं सांगा बुवा.”

अभिराम हट्टाला पेटला होता.

सांगलीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, दर रविवारी हा खेळ मांडला जाई. शिराळकर बुवा गोष्ट सांगत, बाकीचे तिच्यात एकेक पात्र होऊन वागत, आणि अडलं की फासे टाकत. नियमांचं जाडजूड पुस्तक अभिरामला तोंडपाठ होतं. बुवांना ते कधीच पाठ झालं नाही, आणि याचं त्याला जरा जास्तच समाधान होतं.

त्या दुपारी त्याच्या सरदाराने गावापुढे जादूची तलवार उपसून सांगितलं, की घाटातला राक्षस मी मारला. मारला कसला, पळून आला होता. पण गावाला ते पटलं असतं तर किल्ला त्याचा झाला असता, आणि त्या किल्ल्यावर त्याचा वर्षभर डोळा होता.

बुवा एवढंच म्हणाले, की पात्यावरून पाणी ओघळलं आणि ते गावाने पाहिलं.

अभिरामने तलवारीचं कार्ड त्यांच्यापुढे आपटलं. वर ठळक छापलं होतं, ‘माऱ्याला दोन जास्त’. खाली बारीक अक्षरात, ‘खोटं बोलणाऱ्याच्या हातात ही रडते’.

“खालची नुसती नक्षी आहे. नियम वरचा. नक्षीपायी मी किल्ला सोडणार नाही.”

बुवांनी कार्ड हातात घेतलं...

मग कात्री घेतली. खालची ओळ कापली. चित्र कापलं. तलवारीचं नावही कापलं. उरलेला ‘दोन’चा तुकडा त्यांनी अभिरामच्या तळहातावर ठेवला.

“गेली नक्षी. आता समोर चाळीस आहेत.”

“चाळीस काय? गावकरीच ना?”

“चाळीस. त्यांना तुझं पटलं. घे, तुला पंधरा मिळाले.”

“पंधरा काय?”

“किल्ल्याची मजबुती. पुस्तकात तेवढंच आहे.”

“आणि दरवाजा? बुरूज? वरून नदी दिसते म्हणाला होतात...”

बुवांनी टेबलावरच्या कात्रणांकडे बोट दाखवलं.

“चालेल,” अभिराम म्हणाला. “पंधरा तर पंधरा. मी जिंकलो.”

खाली गिरणी सुरू झाली आणि टेबलावरचे फासे थरथरू लागले. अभिराम हातातल्या तुकड्याकडे बघत बसला. त्याला संताप आला होता, आणि कोणाचा ते सांगता येत नव्हतं.

चूक कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने मान वर न करता कापलेल्या ओळीकडे हात नेला.

बुवांनी तिच्यावर पंजा ठेवला.

“रडेल ती.”

“रडू दे.”

“किल्ला जाईल.”

“जाऊ दे. माझी तलवार द्या.”

बुवांनी हात उचलला.

“गाव अजून समोर उभं आहे. बोल.”