शेजारच्या लक्ष्यावरचा दहा

"आबा, गोळी दहाच्या आत लागली, तर मग शून्य कसं देतात?"

विश्वजित फाळकेनं विचारलं आणि हातातला कागद पुढं केला. खाणीच्या काठावर बसलेल्या सुभेदार कणसे आबांनी कागद घेतला नाही. ते सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होते.

"कुणाच्या धाच्या आत?"

"...शेजारच्याच्या."

आबा हसले नाहीत. हसले असते तर विश्वजितला बरं वाटलं असतं.

झालं होतं ते असं. जागतिक स्पर्धा, पन्नास मीटरचं अंतर, पालथं पडून साठ गोळ्या मारायच्या, एका गोळीला जास्तीत जास्त दहा पूर्णांक नऊ गुण. विश्वजितचं लक्ष्य सोळा नंबरचं. चाळीस गोळ्यांपर्यंत गडी पदकाच्या तोंडाशी होता. एकेचाळिसावी सुटली ती सतरा नंबरच्या लक्ष्यावर, आणि तीही अगदी मधोमध. नेमबाजीत असलं दान कुणाच्या खात्यावर जात नाही. शेजाऱ्याला काही मिळत नाही, आपल्या नावावर मात्र शून्य लागतं. पोरगा पंचावन्नावा आला.

गावानं स्वागताचा फलक गुपचूप उतरवला. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालंच, "घरचं ताट सोडून शेजारच्या पंगतीला बसला म्हणं."

"नंबराची पाटी कललेली होती, आबा," विश्वजित म्हणाला. "वाऱ्यानं. हा तक्रारअर्ज लिहिलाय. तुम्ही माझे पहिले गुरू. तुमची सही असली तर संघटना ऐकेल. उद्या द्यायचाय."

"आन् न्हाई ऐकलं तर?"

"तर रायफल ठेवली. पुन्हा हात लावणार नाही."

आबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"खाली ये माज्यासंगं."

दोघं खाणीत उतरले. दगड काढून काढून सोडून दिलेली जुनी खाण. तेराव्या वर्षी विश्वजित पहिल्यांदा इथंच पालथा पडला होता. तेव्हा चटई कुठली, आबांनी गोणपाट अंथरलं होतं. म्हणाले होते, "लोकांचं पालथ्या घड्यावरचं पाणी वाया जातं. माजा घडा पालथा पडल्याबिगर शिकत न्हाई."

तेव्हा इथं लक्ष्य एकच होतं. पाच गोळ्या झाल्या, रायफल रिकामी करून ठेवली, की आबा चालत निघायचे. पन्नास मीटर जायचं, कागद काढायचा, पन्नास मीटर यायचं. गुडघा धरलेला, आणि घाई म्हणून नाही. तोवर विश्वजित हातांवर गाल टेकवून पडून राहायचा. बोटांना तेलाचा वास, खालून तापलेल्या दगडाचा वास, वर कुठंतरी टिटवी. किती लागल्या हे आबा परत येईपर्यंत कळायचं नाही, आणि कळून घ्यायची त्यालाही घाई नसायची. किती सुखाचे दिवस होते ते!

आता खाणीत पत्र्याची शेड होती आणि समोर चार लक्ष्यं उभी होती. शिकणारी पोरं परीक्षेमुळं आलेली नव्हती.

"पालथा पड."

"रायफल गाडीत आहे, आबा."

"रायफल कोण मागतंय?"

विश्वजित इस्त्रीच्या कपड्यांनिशी मातीत पालथा पडला. आबा कण्हत त्याच्या शेजारी बसले.

"आता सांग. तुज्या पहिल्या धा गोळ्या कितीला गेल्या?"

"एकशे चार पूर्णांक सहा."

"दुसऱ्या धा?"

"एकशे तीन... नाही, एकशे चार पूर्णांक एक. का दोन? थांबा, घरी सगळं लिहून ठेवलंय."

"लिवलेलं ऱ्हाऊ दे. तिसऱ्या धा?"

विश्वजित आठवू लागला. समोर माती होती, मातीत एक मुंगी चालली होती.

"...नाही आठवत."

"बरं. त्या सतरावाल्याच्या?"

"एकशे पाच पूर्णांक एक, एकशे चार पूर्णांक नऊ, एकशे पाच पूर्णांक तीन, एकशे चार पूर्णांक आठ," विश्वजितनं घडाघडा म्हणून दाखवलं. "दुसऱ्या दहात त्याची सातवी घसरली होती. नऊ पूर्णांक सात. मला वाटलं, आता ह्याला गाठतोच. त्याचे गुण दाखवणारा पडदा मला माझ्या जागेवरून सारखा दिसत होता. प्रत्येक गोळीनंतर मी आधी तिकडंच..."

तो थांबला.



ऊन त्याच्या खांद्यावरून सरकून कमरेवर आलं. विश्वजितनं पडल्या पडल्याच तो अर्ज चुरगाळला आणि मुठीत धरून ठेवला.

"पाटी कललेली नव्हती, आबा," तो शेवटी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच तेरा वर्षांचा वाटला. "सरळ होती. चांगली दिसत होती."

"हं..."

"साठांत एकच गोळी चुकली हो. एकच. आणि सगळं गेलं. आता कुठल्या तोंडानं रायफल हातात घेऊ?"

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. श्वास कसा चाललाय हे बघायला ते पूर्वी ठेवायचे, अगदी तसा.

"ती एक तेवढी बरुबर लागली की रं, विशा... चुकल्या त्या एकोणसाठ. त्या माराय सकाळी ये."